मुरब्यातली फियाट आणि तिची वायरिंग

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं. जागा कशी मिळाली, नोंदणीसाठी किती हेलपाटे घातले, पाण्याच्या टाकीवरून किती भांडणं झाली, हे आपले जुनेजाणते सभासद माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. माझ्या वाट्याला उरली ती कंपाउंडच्या भिंतीला लागून, नारळाखाली ताडपत्री पांघरून उभी असलेली आमची फियाट. हसू नका. सोसायटीतल्या दोन पिढ्यांनी त्या गाडीच्या आडोशाला लपाछपी खेळली आहे, आणि एकदा तिच्यामुळे आपल्या सगळ्यांच्या जिवाशी गाठ पडली होती. म्हणून तिचा इतिहास हाही सोसायटीच्या इतिहासाचाच भाग आहे, असं मी धरून चालतो.

ती रात्र

२०२२ चे गणपती. मूर्ती फियाटमधून आणायची ही आपली जुनी पद्धत. त्याही वर्षी बोईसरहून मूर्ती आणली, गाडी जागेवर लावली आणि बॅटरी तशीच जोडलेली राहिली. रात्री आरती झाली, पोरंटोरं झोपायला गेली आणि साडेअकराच्या सुमारास वॉचमन दादांना डॅशबोर्डखालून धूर येताना दिसला. चावी माझ्या खिशात. गाडीतले सगळे स्विच बंद. तरी धूर! शेजारी ओळीनं मोटारसायकली आणि मागच्या भिंतीपलीकडे मीटर रूम.

पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. सी विंगमधले आपले काका, जे गावातल्या बोटींच्या इंजिनांचं आणि लाईटचं काम करतात, ते बनियनवरच खाली आले. "पाणी नको! आधी बॅटरी सोडवा!" असं ओरडत त्यांनी बॉनेट उघडलं आणि पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. धूर थांबला. दोन मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते लिहायला नको.

पुढच्याच आठवड्यात कमिटीची सभा झाली. एका महिन्यात गाडी आवाराबाहेर न्या, अशी मला नोटीस मिळाली. तेव्हा राग आला होता. आज सांगतो, नोटीस बरोबर होती. मी सभेत एवढंच म्हटलं की भंगारात घालायच्या आधी मला संक्रांतीपर्यंत मुदत द्या, मी तिची सगळी वायरिंग नव्यानं करतो. कमिटीनं तीन अटी घातल्या. रोज काम संपलं की बॅटरी काढून घरी न्यायची. गाडीजवळ आग विझवण्याचं सिलिंडर आणि वाळूची बादली ठेवायची. आणि काम पुरं झाल्यावर कमिटीला दाखवल्याशिवाय बॅटरी कायमची जोडायची नाही.

कुर्ल्याची गाडी

आता थोडं मागे जाऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. आधी कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गोल अंगामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिलं. नंतर मागच्या बाजूला छोटी शेपटीसारखी पंखं असलेलं, चौकोनी बांध्याचं मॉडेल आलं. ते इथे 'डिलाइट' म्हणून विकलं जाई. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. फियाटचा करार संपल्यावर त्याच गाडीचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. नावं बदलली, गाडी जवळपास तीच राहिली.

परवान्यांचा तो काळ होता. गाडीसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि फियाटचे दिवस भरायला लागले. आपल्या सोसायटीची नोंदणी झाली, त्याच सुमारास कुर्ल्याची पद्मिनी बनायची थांबली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईत आणखी वीसेक वर्षं टिकली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथूनही गेली.

आमची गाडी १९६९ ची डिलाइट. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथून जवळच तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीज विकायला सुरुवात झाली. दोघांची बरोबरी कशी व्हावी? पण बाबा मात्र गमतीनं म्हणायचे, "दोन पॉवर हाउस एका वयाची आहेत. एक सरकारचं, एक माझं." सत्तरच्या दशकात तारापूरची औद्योगिक वसाहत वाढायला लागली, तसे घाटावरून, कोकणातून, खानदेशातून लोक इथे आले. बाबाही तसेच आले. कारखान्यात मेंटेनन्सला लागले. १९८४ मध्ये त्यांनी ही गाडी मुंबईहून जुनी घेतली. बाबांची एक वही होती. पेट्रोल, ऑइल, पंक्चर, फॅन बेल्ट, सगळं तारखेवार लिहिलेलं. ते २०१६ मध्ये गेले. वही माझ्याकडे आली आणि कपाटात पडून राहिली.

गाडीत वीज आली कशी

पहिल्या मोटारगाड्यांना वीज लागे ती फक्त ठिणगीपुरती. दिवे कार्बाइडच्या गॅसवर किंवा रॉकेलवर जळत. इंजिन सुरू करायला पुढून लोखंडी हँडल मारायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडे. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा स्टार्टर बसला आणि सगळं बदललं. स्टार्टर फिरवायचा तर मोठी बॅटरी हवी. बॅटरी भरायची तर डायनॅमो हवा. आणि डायनॅमो, बॅटरी आहेतच, तर दिवे, हॉर्न, वायपर हे सगळं विजेवर का नको? अशा रीतीनं गाडीत वायरींचं जाळं शिरलं.

पूर्वी बऱ्याच गाड्या आणि मोटारसायकली ६ व्होल्टवर चालत. हळूहळू १२ व्होल्टची पद्धत रूढ झाली. वायरीवर आधी रबर आणि सुती विणकाम असे, नंतर प्लॅस्टिक आलं. आपल्याकडे आयातीवर बंधनं होती, म्हणून हे सामान इथेच बनू लागलं. १९५१ मध्ये बंगळुरूला मायको निघाली आणि स्पार्क प्लग देशात बनायला लागले. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस निघाली. डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर यांवर तिचं नाव असलेल्या गाड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. घरात बल्बला दोन वायरी जातात. गाडीत एकच जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. त्याला 'अर्थ' म्हणतात. यानं निम्मी वायर वाचते. पण गाडीच्या अंगाला कुठेही उघडी वायर टेकली, की तिथेच शॉर्ट. आणि अर्थचा स्क्रू गंजला, की दिवा मंद होतो, हॉर्न घोगरा होतो, आणि आपण उगाच बॅटरीला नावं ठेवतो. मुरब्यासारख्या गावात, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सातपाटीची खाडी, तिथे ही खारी हवा लोखंड आणि तांबं दोन्ही खाते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, तशी इथे वायर आतल्या आत कळकते. वरून प्लॅस्टिक ठणठणीत, आत तांब्याची हिरवी भुकटी.

वायरींचे थर

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. मी काही मेकॅनिक नाही. मदतीला सी विंगचे काका होते आणि कारखान्यातून निवृत्त झालेले ए विंगचे वायरमन आजोबा. काकांचा पहिला नियम असा की जुनी एकही वायर ओढून काढायची नाही. आधी फोटो, मग चिठ्ठी, मग कागदावर खर्डा, मगच पाना. चिठ्ठ्या लावायचं काम सोसायटीतल्या मुलांनी केलं. ती दोन दिवसांत 'डावा इंडिकेटर', 'ब्रेक स्विच', 'ऑइल प्रेशर' हे शब्द पाढ्यासारखे म्हणायला लागली.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं तेव्हा कळलं की ही वायरिंग नाही, हा इतिहास आहे. सगळ्यात खाली कुर्ल्याहून आलेली मूळ वायर, फिकट पडलेल्या रंगांची. तिच्यावर कधीतरी घातलेली घरगुती वायरिंगची लाल वायर. तिच्यावर नव्वदच्या दशकातली हॅलोजन दिव्यांची. मग पंख्याची, दुसऱ्या हॉर्नची, मोबाइल चार्जरची. प्रत्येकानं आपली सोय बघितली आणि आधीच्या वायरीला पिळा मारून काळी टेप गुंडाळली. फ्यूजच्या डबीत दोन फ्यूज जागेवर होते, बाकी ठिकाणी सिगारेटच्या पाकिटातली चांदी! फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी हा उपाय केलेला. फ्यूज का जातो, हे कोणी पाहिलं नव्हतं.

वायरमन आजोबांनी पाटीवर हिशेब मांडला. मूळ हेडलाइटचे बल्ब ४५ वॉटचे. दोन मिळून ९०. बारानं भागलं की साडेसात अँपियर. हॅलोजनचे बल्ब निघाले १०० वॉटचे. दोन मिळून २००, म्हणजे १६ अँपियरच्या वर. वायर तीच, स्विच तोच. "करंट दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते," आजोबा म्हणाले. "गाडी जळली नाही हे आश्चर्य."

पण त्या रात्रीचा धूर हेडलाइटचा नव्हता. तेव्हा दिवे बंदच होते. तो शोधायला आणखी दोन दिवस लागले. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून एक पिवळी वायर आत येत होती. भोकाला रबर नाही, वायरीला फ्यूज नाही. थेट बॅटरीच्या बाजूनं घेतलेली, म्हणजे चावी काढली तरी चालू. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. नुसतं टेप गुंडाळून सोडलेलं. उन्हानं टेपचा डिंक सुटला, उघडं टोक लोंबकळलं आणि त्या रात्री पत्र्याला टेकलं. वायर पत्र्याच्या भोकापर्यंत जळत गेली होती.

ती वायर मी ओळखली. १९९१ मध्ये कॉलेजात असताना मी गाडीत कॅसेट प्लेअर बसवला होता. गाडी बंद असतानाही गाणी ऐकता यावीत म्हणून थेट बॅटरीवरून वायर घेतली होती. पुढे प्लेअर बिघडला, मी तो काढून टाकला आणि वायर तशीच सोडली. रात्री घरी जाऊन बाबांची वही उघडली. त्या वर्षीच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: "चिरंजीवांनी टेप बसवला. फ्यूज नाही. बघणे." त्यापुढे बरोबरची खूण नव्हती. ते बघायचं राहून गेलं. त्यांचंही आणि माझंही.

आतापर्यंत मी सगळ्या मेकॅनिकांना शिव्या देत होतो. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन कमिटीच्या दोघांना बोलावलं आणि सांगितलं, ती आग माझी होती.

नवी वायर

मग नवं काम. टेरेसवर एक जुना प्लायवूड टाकला. जुनी वायरिंग अखंड उचलून त्यावर अंथरली, वळणावळणावर खिळे ठोकले आणि त्याच मापानं नवी वायर ओढली. मोटारगाडीची वायर घरच्या जाड तारेसारखी नसते, बारीक तारांच्या पुष्कळ पदरांची असते, कारण गाडी हादरते. काकांनी एक गोष्ट हट्टानं करायला लावली. "बोटीला लावतो तीच वायर घे. तांब्यावर कथील चढवलेली. महाग पडेल, पण खाऱ्या हवेत टिकेल." जिथे भार जास्त तिथे जाड वायर, जिथे नुसता छोटा दिवा तिथे बारीक.

हेडलाइटचे बल्ब परत मूळ मापाचे घेतले. शिवाय रिले बसवला. म्हणजे दिव्याचा मोठा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जात नाही. स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. या जुन्या गाड्यांत चार्जिंगच्या मुख्य वायरीला मुळात फ्यूज नसतो, म्हणून बॅटरीजवळच एक मोठा फ्यूज वाढवला. प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवला, पिळा मारून टेप कुठेच नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबर. अर्थच्या जागा पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळले आणि वरून व्हॅसलिन लावलं.

वायरींचा जुडगा बांधायचा कसा, यावर अडलो. चिकट टेप काही वर्षांत सुटते, ते पाहिलंच होतं. तेव्हा काकांच्या घरातल्या मावशी, ज्यांचं आयुष्य जाळी विणण्यात आणि सांधण्यात गेलं, त्या नायलॉनची दोरी आणि जाळ्याची सुई घेऊन आल्या. बोटभर अंतरावर एकेक गाठ मारत त्यांनी दोन दुपारींत सगळी वायरिंग अशी बांधली की एकही तार हलेना. वायरमन आजोबा बघत राहिले. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आणि जहाजांवर वायरी अशाच दोरीनं बांधत, असं ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, "त्यांना कुणी जाळंवाल्यानंच शिकवलं असेल!"

बॅटरी जोडायच्या दिवशी कमिटी हजर होती. थेट जोडायची नाही, असं आजोबांनी आधीच सांगितलं होतं. बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये त्यांनी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला. गाडीत कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण पेटेल, आणि वायर मात्र जळणार नाही, कारण बल्बमधून दोन अँपियरही जात नाहीत. जोडलं, आणि बल्ब लख्ख पेटला! माझ्या पोटात गोळा आला. एकेक फ्यूज काढत गेलो. मागच्या लाईटचा फ्यूज काढला तसा बल्ब विझला. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर डिकीच्या बिजागरीत चेमटली होती. ती सोडवून बदलली. पुन्हा जोडलं. बल्ब विझलेलाच. मग केबल थेट बसवली, चावी फिरवली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संक्रांतीला दोन दिवस बाकी होते.

गाडीनंतर इमारत

हे सगळं लिहायचं खरं कारण पुढे आहे. त्या दिवशी हात पुसता पुसता वायरमन आजोबा मीटर रूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी झाली. आता हिचं काय?" आपल्या इमारतीची वायरिंगही त्याच खाऱ्या हवेत इतकी वर्षं उभी आहे. तेव्हा घरात दोन ट्यूब, तीन पंखे, एक फ्रीज, एक टीव्ही असायचा. आता एसी आहेत, गिझर आहेत, इंडक्शन आहे. वायर तीच, भार वाढलेला. हेडलाइटचा हिशेब पुन्हा तोच.

कमिटीनं परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावून तपासणी करून घेतली. न्यूट्रलचे दोन जोड काळे पडलेले निघाले, एका जिन्यातली अर्थची पट्टी गंजून तुटलेली होती. ती कामं वेळेत झाली. कोणाला कळलंही नाही, आणि तसंच असावं. पण घरातली वायरिंग ज्याची त्यानं पाहायची आहे. ज्या प्लगमधून वास येतो, जो बोर्ड गरम लागतो, जिथे एमसीबी सारखा पडतो, तिथे मोठा एमसीबी बसवू नका. तो का पडतो ते बघा. सिगारेटची चांदी लावणारा माणूसही 'तात्पुरतं' म्हणूनच लावत असतो. आणि गाडीची कामं घरी करता येतात कारण ती १२ व्होल्टची आहे. घरातले २३० व्होल्ट जीव घेतात. तिथे परवाना असलेलाच माणूस बोलवा.

फियाटचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची त्या वयात बसते. म्हणून रिले आणि नवा फ्यूज डॅशबोर्डखाली, न दिसेल असे बसवले आहेत. जुनी वायरिंग फेकलेली नाही. मुलांनी लावलेल्या चिठ्ठ्यांसकट ती एका खोक्यात ठेवली आहे, आणि ती पिवळी वायरही. बाबांच्या वहीत १९९१ च्या त्या ओळीपुढे मी बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी गाडी गेटपाशी उभी असेल. प्रत्येक लहान मुलाला एकदा हॉर्न वाजवता येईल. फक्त एकदाच, कारण मागे रांग असणार आहे.